घरची गोळी व सरकारी काडतूस

मराठ्यांच्या युद्धसाहित्याविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत तोफांचा विचार पुष्कळ झाला आहे. तोफा कोठें ओतल्या, कोणत्या टोपीकराकडून घेतल्या, त्यांवर कोणते लेख कोरलेले आहेत, या गोष्टींचा शोध अनेकांनीं केला. परंतु त्याच तोफेच्या आसपास उभा असलेला बंदुकी शिपाई आपली गोळी कोठून आणी, ती कोण ओती, आणि बाराची दारू कोण मोजी, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. तोफ ही दरबारची वस्तु. तिला नांव असतें, तिच्यासाठीं बैल लागतात, तिचा खर्च कारकुनाच्या लेखणीखालून जातो. गोळी ही घरची वस्तु. चुलीवर शिसें वितळवून साच्यांत ओतलेल्या पांचपन्नास गोळ्यांची रोजकीर्द कोणी ठेवीत नाहीं, व जी वस्तु रोजकिर्दींत येत नाहीं ती आम्हां इतिहासवाल्यांच्या दृष्टीसहि सहसा पडत नाहीं.

युरोप-अमेरिकेंत घराच्या एका कोपऱ्यांत लहानसें मेज मांडून, त्यावर हातयंत्र बसवून, उडालेल्या काडतुसाची पुंगळी पुनः भरून काढण्याचा छंद आज पुष्कळांस आहे. आपल्याकडे ही गोष्ट ऐकणाऱ्यास ती केवळ परदेशची वाटते. आमच्या मतें ती तशी नाहीं. शे-दीडशे वर्षांपूर्वीं बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक मराठी घरांत या मेजाचा मूळ ऐवज होता. तो घरांतून निघून सरकारच्या कोठारांत व तेथून कारखान्यांत कसा गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रवासाचे दोन्ही टप्पे ज्या एका पट्ट्यांत पाहावयास मिळतात तो पट्टा म्हणजे कल्याणच्या दक्षिणेस उल्हास नदीच्या खोऱ्यांतील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा होय. एका बाजूस मलंगगड उभा आहे, व त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत काडतुसाच्या पितळेचा कारखाना आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कारण या विषयांत कागद वाचणाऱ्याची फसगत शब्दांपासूनच सुरू होते. 'दारू' हा शब्द जुन्या कागदांत बहुधा बंदुकीच्या दारूसाठीं येतो, आणि 'दारूखाना' म्हणजे तिचें कोठार. मुंबईंत माजगांवच्या बाजूस दारूखाना या नांवाची वस्ती अद्याप आहे, तिचें नांव याच अर्थाचें आहे. 'बार' म्हणजे एका वेळीं नळींत घालावयाची दारू, व ती उडाली म्हणजे होणारा आवाजहि बारच. 'रंजक' म्हणजे कानावर घालावयाची बारीक दारू. बाराची दारू व रंजकाची दारू हीं दोन निराळीं प्रकरणें होत, आणि एखाद्या यादींत दोन्ही स्वतंत्र लिहिलीं असल्यास त्यांची बेरीज करून मोकळें होणें बरोबर नाहीं. 'तोडा' अथवा 'जामगी' म्हणजे पेटती वात. 'तोसदान' म्हणजे भरलेले बार ठेवण्याची कमरेची पेटी. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे, व पिस्तुलाचेंहि मूळ तेंच. 'तोटा' हा शब्द नुकसान या अर्थीं जसा, तसाच काडतूस किंवा सुरुंगाची भरलेली नळी या अर्थींहि वापरतात. मोडी हिशेबांत 'तोटे' असा शब्द येऊन पुढें आंकडा असेल तर तो व्यापारांतील खोटीचा समजण्यापूर्वीं मागचीं चार पानें चाळून पाहावीं, एवढें येथें सांगणें पुरे.

आतां त्या घरच्या ऐवजाकडे वळूं. ठासणीच्या बंदुकीबरोबर पांच-सहा वस्तु अवश्य लागत: दारू ठेवण्याचें शिंग, रंजकाची लहान दाणी, बाराचें माप, गोळी ओतण्याचा साचा, नळींत बार ठासण्याचा गज, आणि तोड्याची गुंडाळी. यांपैकीं साचा ही वस्तु सर्वांत महत्त्वाची होय. साचा सांडशीसारखा दोन पायांचा असून त्याच्या मिटलेल्या तोंडांत एक किंवा अनेक पोकळ्या असतात; वितळलेलें शिसें वरच्या भोंकांतून ओतावयाचें, निवालें म्हणजे साचा उघडून गोळी काढावयाची व तिची शेपटी कापून टाकावयाची. ज्या लोहारानें नळी घडविली तोच बहुधा तिच्या तोंडाप्रमाणें साचा करून देई. गांवोगांवच्या लोहारांनीं घडविलेल्या नळ्यांचीं तोंडें एकमेकींशीं मिळत नसत. एकाच गांवच्या दोन बंदुकींना एकमेकींची गोळी लागेलच असा भरंवसा नसे. लहान गोळी चिंधींत गुंडाळून चालवितां येई, पण मोठी गोळी लहान नळींत जात नसे, आणि बळेंच ठासली तर नळी फाटण्याचें भय. सबब ज्याची बंदूक त्याचाच साचा, ही व्यवस्था हौसेची नसून गरजेची होती.

या गरजेंतून राज्यकारभाराचाहि एक नियम निघाला. ग्रँट डफ यानें शिवाजी महाराजांच्या मावळे व हेटकरी पायदळाचें वर्णन करतांना असें लिहिलें आहे कीं, शिपायानें आपलें हत्यार आपल्या खर्चानें आणावें व दारूगोळा मात्र सरकारांतून मिळावा, अशी चाल होती. हेटकरी हे दक्षिण कोंकणांतले, नेमबाजीबद्दल प्रसिद्ध. चकमकीच्या चापाची बंदूक त्यांनीं पोर्तुगीजांकडून लौकर उचलली असेंहि तो म्हणतो. आतां हत्यार शिपायाचें आणि दारूगोळा सरकारचा, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे लक्षांत येतें कीं सरकारास तयार गोळी देणें शक्यच नव्हतें. हजार शिपायांच्या नळ्या जर शंभर तऱ्हेच्या, तर कोठारांत शंभर तऱ्हेच्या गोळ्या कोण ठेवणार? म्हणून कोठारांतून निघावयाचें तें शिसें, आणि दारू, तींहि वजनानें. किल्ल्यांच्या सामानाच्या याद्यांतून तोफेचे गोळे नगांनीं व दारू-शिसें खंडी-मणांनीं लिहिण्याची जी रीत दिसते तिचा उलगडा असा होतो. गोळे नगांनीं मोजावयाचे, कारण ते सरकारच्या तोफेचे. शिसें वजनानें, कारण त्याची गोळी पुढें शिपाई आपल्या साच्यांत ओतणार. सरकारचें काम कोठाराच्या दारापाशीं संपे आणि तेथून पुढचें काम प्रत्येकाच्या बिऱ्हाडीं चाले.

मात्र दारूच्या बाबतींत सरकार स्वस्थ बसत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांच्या प्रकरणीं दारूखान्याविषयीं जो उपदेश आहे तो या दृष्टीनें फार मोलाचा आहे. दारूखाना वस्तीला लागून नसावा; तेथें सतत राखण असावी; परवानगीवांचून कोणास जवळ येऊं देऊं नये; ठराविक दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण इत्यादि बाहेर काढवून त्यांस ऊन द्यावें आणि पुनः मुद्रा करून ठेवावें, असा त्याचा आशय आहे. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा. त्यांत ज्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे वस्तीपासून अंतर, ओलाव्यापासून रक्षण व मोहोरबंद कुलूप, त्या आजच्या कोणत्याहि दारूगोळ्याच्या कारखान्याच्या नियमांतून निघालेल्या नाहींत. ऊन देण्याची आज्ञा विशेष मार्मिक आहे. कोंकणांतील चार महिन्यांच्या पावसांत दारू ओल धरते, सोरा पाझरतो, आणि गडावर खंडीभर दारू असूनहि बार उडत नाहीं, हा अनुभव त्या एका वाक्यामागें उभा आहे. वाचकांपैकीं ज्यांनीं श्रावणांत मलंगगडचें धुकें पाहिलें असेल त्यांस याविषयीं अधिक सांगावयास नको.

दारूच्या तीन द्रव्यांपैकीं कोळसा घरचा, सोरा देशांतल्या खाऱ्या मातींतून निघे, आणि गंधक बहुतेक समुद्रमार्गानें येई. शिशाची गोष्टहि तीच. महाराष्ट्रांत शिशाची म्हणण्यासारखी खाण नाहीं. तेव्हां शिसें फिरंग्यांच्या वखारींतून घ्यावें लागे. सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या मुख्याकडून शिवाजी महाराजांनीं ८० तोफा व बंदुकींपुरतें शिसें विकत घेतलें होतें, असें ऑर्म लिहितो. येथें तोफांचा आंकडा सर्वजण उद्धृत करतात, शिशाचा उल्लेख कोणी करीत नाहीं. वास्तविक ८० तोफांपेक्षां त्या शिशाची निकड अधिक दिवसांची होती. कारण तोफ एकदां घेतली कीं झालें, शिसें मात्र दर मोहिमेस संपणारें.

पेशवाईंत सरकारनें या कामांत अधिक हात घातला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत १७६५-६६ सालीं आंबेगव्हाण येथें व १७६९-७० सालीं पुण्यास तोफेचे गोळे ओतण्याचे कारखाने घातले गेले, हें सुरेंद्रनाथ सेन यांनीं आपल्या १९२८ सालच्या ग्रंथांत दाखविलें आहे. पुढें महादजी शिंद्यांच्या पदरीं डी बॉयनच्या कंपूंसाठीं सँग्स्टर नांवाच्या स्कॉट कारागिरानें आग्र्यास तोफा व बंदुका तयार केल्या. हे कंपू व त्यापूर्वींचे गारदी यांच्यापाशीं एका तोंडाच्या बंदुका व कागदांत गुंडाळलेले तयार बार असत. म्हणून त्यांचा मारा एकसारखा व जलद. परंतु ही सुधारणा कंपूपुरतीच राहिली. गडकरी शिपाई, शिलेदाराबरोबरचा बंदुकी, वाटेवरचा मेटकरी, हे सर्व आपापल्या साच्यावरच होते. कंपूचें काडतूस व घरची गोळी अशा दोन व्यवस्था एकाच राज्यांत शेजारीं शेजारीं चालत होत्या, आणि एकीचा साठा दुसरीच्या कामास येत नव्हता. मराठ्यांच्या पराभवाचीं कारणें सांगतांना कवायतीचा अभाव, तोफांचा हलकेपणा वगैरे गोष्टी सांगतात. त्यांत ही एक मिळवावी असें आम्हांस वाटतें.

मूर नांवाच्या इंग्रज अंमलदारानें १७९४ मध्यें छापलेल्या आपल्या वृत्तांतांत परशुरामभाऊंच्या धारवाडच्या वेढ्याचें वर्णन केलें आहे. मराठ्यांचे गोलंदाज एक तोफ भरून झाली कीं खालीं बसून अर्धा तास गप्पा मारतात, गुडगुडी ओढतात, मग ती उडवितात व पुनः बसतात, असें तो थट्टेनें सांगतो. हा उतारा आळसाचा पुरावा म्हणून इतक्या वेळां पुढें केला गेला आहे कीं त्याचा दुसरा अर्थ पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. ज्याला दारू मापून मिळते व पुढची केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं, तो मनुष्य सावकाशच बार करणार. मूरच्या पलटणीस रिकामें तोसदान भरून देणारें कोठार पाठीशीं होतें. त्याला मराठी गोलंदाजाचा हिशेब कळण्याचें कारण नव्हतें. अर्थात् गुडगुडी होतीच. तीहि नाकारण्याचें प्रयोजन नाहीं.

या दोन व्यवस्थांची गांठ आमच्या पट्ट्यांत १७८० सालीं पडली. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत इंग्रजांनीं कल्याण घेतलें, व ऑगस्टच्या आरंभीं कॅप्टन आबिंग्टन मलंगगडावर चालून गेला. गडाची खालची माची त्याच्या हातीं लागली. परंतु वरचा बालेकिल्ला मराठ्यांनीं सोडला नाहीं. ज्यांनीं हा गड पाहिला आहे त्यांस वरच्या कड्याची दुर्गमता ठाऊकच आहे. आबिंग्टननें नाकेबंदी धरली. इतक्यांत मराठ्यांची फौज खालीं जमा झाली व वेढा घालणारालाच वेढा पडला. कल्याणकडील वाट तुटली. ऑक्टोबरच्या आरंभीं कर्नल हार्टले येऊन पोंचला तेव्हां त्याची सुटका झाली. बालेकिल्ला मात्र पडला नाहीं.

या प्रसंगांत कोणाचें शौर्य अधिक हा वाद येथें काढावयाचा नाहीं. आमचें लक्ष दारूगोळ्याच्या वाटेकडे आहे. आबिंग्टनच्या पलटणीचीं काडतुसें मुंबईच्या कोठारांतलीं. खाडीनें कल्याण व कल्याणाहून डोंगरपायथ्यापर्यंत वाट मोकळी असेल तोंवर तीं उत्तम. वाट तुटली कीं तीच पलटण आपल्या उरलेल्या बारांकडे पाहत बसणार. उलट वरच्या माणसांना कोणतीहि वाट नव्हती, पण कोठारांत शिसें असलें व साचे हाताशीं असले म्हणजे त्यांची गोळी गडावरच ओतली जाई. तयार काडतुसाचें सामर्थ्य आणि त्याचें दौर्बल्य दोन्ही एकाच दोरीला बांधलेलीं आहेत: तें जलद आहे, आणि तें दुसऱ्याच्या कोठारावर अवलंबून आहे. पुढें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुगाडच्या लढाईंत रामचंद्र गणेश पडले व वसईहि इंग्रजांच्या हातीं गेली. खोऱ्यांतील त्या वर्षाचा शेवट सरकारी काडतुसाच्या बाजूनें झाला खरा. तरी मलंगगडचे ते दोन महिने हिशेबांतून वगळूं नयेत.

इंग्रजी अंमलांत शिपायाचा साचा सुटला व त्याच्या हातीं कागदी काडतूस आलें. तें दांतांनीं फाडावयाचें, दारू नळींत ओतावयाची व गोळी कागदासकट ठासावयाची. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ डमडम येथें या काडतुसाच्या चरबीविषयीं जी बोलवा उठली तिचा परिणाम सर्वश्रुत आहे. एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाहीं. सरकारनें त्याच महिन्यांत असा हुकूम काढला कीं काडतुसें चरबीवांचून द्यावीं व शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें. म्हणजे कारखान्यानें घेतलेलें काम अंशतः पुनः शिपायाच्या हातीं देण्याचा हा यत्न होता. शिपायाचा संशय कागदाच्या आंत काय आहे हें ठाऊक नसण्याचा होता. स्वतःच्या घरीं बार भरणाऱ्या त्याच्या आजाला असला संशय येण्याची जागाच नव्हती. हुकूम उशीरां निघाला व त्यानें संशय उलट वाढला.

बंडानंतर दोन गोष्टी झाल्या. एक यंत्राची, दुसरी कायद्याची. १८६६ पासून इंग्रजी लष्करांत कागदाच्या जागीं धातूची पुंगळी आली. टोपी, दारू व गोळी एकाच नळकांड्यांत बसली व ठासणी संपली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. मुंबईहून कल्याण-बदलापूरवरून घाटपायथ्यापर्यंत आगगाडी १८५६ मध्येंच झाली होती व १८६३ मध्यें बोरघाटहि चढला होता. तेव्हां ज्या खोऱ्यांत आबिंग्टनची वाट तुटली होती त्याच खोऱ्यांतून खडकीचा माल मोहोरबंद डब्यांतून जाऊं-येऊं लागला. कायद्याची गोष्ट १८७८ ची. त्या वर्षींच्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून हत्यार किंवा दारूगोळा तयार करण्यास बंदी केली. त्यांतील दारूगोळ्याची व्याख्या संग्राहकांनीं मुद्दाम वाचावी. टोप्या, गठ्ठे, चकमकीचे दगड, दारूगोळ्याचे सर्व भाग आणि तो तयार करण्याचीं सर्व यंत्रें त्या व्याख्येंत येतात. शिसें, गंधक व सोरा मात्र स्पष्टपणें वगळले आहेत. वगळण्याचें कारण व्यापाराचें असावें हें उघड आहे, परंतु त्याचा अर्थ पाहा. पेशवाईचें सरकार शिसें-दारूवर नजर ठेवी व साचा घरीं राहूं देई. इंग्रज सरकारनें शिसें बाजारांत मोकळें सोडलें आणि नजर साच्यावर नेली.

धातूच्या पुंगळीनें एक नवी सोय मात्र केली, जिचा पूर्वीं संभव नव्हता. कागद जळून जाई, पुंगळी उरते. ज्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागीं निराळी बसविलेली असते त्याची उडालेली टोपी काढून नवी बसवितां येते, म्हणून पुंगळी पुनः कामास येते. ज्याच्या कडेंतच स्फोटक भरलेलें असतें त्या बारीक काडतुसाची कड एकदां चेपली कीं तें फुकट. इंग्रज अंमलदार, संस्थानिक व शिकारीचे शोकी यांच्या बंगल्यांतून छऱ्यांच्या बंदुकीचीं काडतुसें भरण्याचीं लहान पितळी यंत्रें जीं असत तीं याच कारणानें. मेजाच्या कडेला आवळावयाचें, हातानें दांडी फिरवावयाची, काडतुसाचें तोंड मुडपून बंद करावयाचें, असा त्यांचा प्रकार. शिंग, माप व साचा यांचाच हा वंशज. फक्त चुलीजवळून उठून मेजावर बसलेला. जुन्या बाजारांत हीं यंत्रें अडकित्त्यांच्या व शेवेच्या सोऱ्यांच्या राशींत पडलेलीं असतात, आणि विकणाऱ्यास तीं कशाचीं हें बहुधा ठाऊक नसतें.

आतां अंबरनाथ. या गांवाची आम्हां लोकांत प्रसिद्धि शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, च्या शिलालेखाच्या शिवालयामुळें आहे, आणि ती योग्यच आहे. अग्नीशीं त्याचा संबंध पुढील काळांत आला. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना येथें होता. तोड्याच्या बंदुकीच्या जामगीचें काम एका काडीनें संपविणारी ही वस्तु त्याच खोऱ्यांत तयार व्हावी हा योगायोग आहे, त्याचा अधिक अर्थ करूं नये. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तिच्या बराकींतून सिंधी निर्वासित राहिले, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिचें उल्हासनगर झालें. शेजारीं अंबरनाथेस विसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी कारखाने उभे राहिले. त्यांपैकीं यंत्रांच्या नमुन्यांचा कारखाना १९५३ चा. दुसरा आयुधनिर्माणी कारखाना हा धातुकामाचा. लहान हत्यारांच्या काडतुसांसाठीं लागणाऱ्या पितळी वाट्या हें त्याच्या कामांपैकीं एक होय.

ही वाटी म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. सात भाग तांबें व तीन भाग जस्त यांचें पितळ ओतून, लाटून, त्याचा पट्टा करतात. पट्ट्यांतून गोल चकती कापून तिला दाबानें लहान वाटीचा आकार देतात. पुढें ही वाटी टप्प्याटप्प्यानें ओढून लांब नळी करावयाची, मधून मधून तापवून तिचा कडकपणा घालवावयाचा, मग बूड बसवावयाचें आणि तोंड आवळावयाचें. म्हणजे पुंगळी झाली. खडकी व १९६४ सालीं भुसावळजवळ सुरू झालेला वरणगांवचा कारखाना हीं काडतुसें बनविण्याचीं स्थळें होत. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्व आयुधनिर्माणी कारखान्यांची सात कंपन्यांत वांटणी झाली. अंबरनाथचा धातूचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडे व यंत्रांच्या नमुन्यांचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. लोहाराच्या साच्याचें वैशिष्ट्य हें कीं त्याची गोळी शेजाऱ्याच्या बंदुकीस लागेलच असें नाहीं. अंबरनाथच्या वाटीचें हें कीं लक्षावधींतील कोणतीहि एक उचलली तरी ती दुसरीच्या जागीं चालते. पेशव्यांच्या कोठाराला न साधलेली गोष्ट ती हीच.

स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यानें १८७८ चा कायदा रद्द केला, परंतु व्याख्येचा गाभा ठेवला. दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याचीं यंत्रें हीं आजहि स्वतः दारूगोळाच गणलीं जातात, व निर्मितीस परवाना लागतो. तेव्हां ज्या मेजाचा प्रारंभीं उल्लेख केला तें मेज परदेशांत छंदाचें सामान आहे व येथें कायद्याच्या भाषेंत, त्यावर एकहि बार भरलेला नसतांना, दारूगोळा आहे. दक्षिण कोंकणांत रानडुकरें व माकडें यांपासून शेताची राखण करण्यासाठीं परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवण्याची वहिवाट अद्याप आहे. बार हातानें मोजून नळींत ठासण्याची जुनी रीत कायद्याच्या आंत राहून जिवंत असेल तर ती तेथेंच. हेटकऱ्यांच्या मुलखांत ती उरावी हें इतिहासाच्या वाचकास सुखावणारें आहे.

याच कायद्याच्या ४५ व्या कलमाकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. जुन्या घाटाचें अथवा पुराणवस्तु म्हणून मोलाचें, आणि दुरुस्ती करूनहि बंदूक म्हणून चालविण्याजोगें न राहिलेलें हत्यार, तसेंच इतर जोडीच्या भागांबरोबर वापरण्याचा हेतु नसलेले हत्यारांचे व दारूगोळ्याचे किरकोळ भाग, यांस त्यांत सूट सांगितली आहे. हें ठाऊक नसल्यानें पुष्कळ घराणीं भयापोटीं साचे व शिंगें मोडींत देतात किंवा विहिरींत टाकतात. तलवार दिवाणखान्यांत टांगली जाते आणि साचा भंगारवाल्याच्या पोत्यांत जातो. तलवारींनीं आपली संग्रहालयें भरलीं आहेत. साच्यांवर स्वतंत्र टिपण लिहावें इतके साचे एका ठिकाणीं क्वचितच मिळतात. मात्र सूट भरलेल्या वस्तूला नाहीं, आणि जुनी दारू वयानें निरुपद्रवी होत नाहीं. बूच घट्ट बसलेलें शिंग हातीं आलें तर तें उघडण्याचा, हलविण्याचा किंवा उन्हांत ठेवण्याचा खटाटोप न करितां जाणत्या अधिकाऱ्याकडे न्यावें. आज्ञापत्रांतील ऊन देण्याची आज्ञा हवालदारास होती, आपणांस नव्हे.

ज्यांच्या घराण्यांत गडाची, चौकीची किंवा शिलेदारीची चाकरी होती त्यांच्या संग्रहांत साचा असल्यास त्याच्या पोकळीचा व्यास तसूंत व मिलिमीटरांत मोजावा, पोकळ्या किती तें लिहावें, लोहाराची खूण असल्यास तिचा ठसा घ्यावा, आणि घराण्याच्या दप्तरांत शिसें किंवा दारू आल्याचा कागद असेल तर त्याची नक्कल जोडून ठेवावी. कल्याण, मुरबाड, कर्जत व पनवेल या तालुक्यांतील असे पंचवीस-तीस साचे मोजून झाले, तर एका खोऱ्यांत बंदुकींचीं किती तोंडें होतीं हें प्रथमच आंकड्यांनीं सांगतां येईल. ज्यांस मोजमाप कठीण वाटेल त्यांनीं पोकळींत ओली शाडू दाबून तिची गोळी सुकवून ठेविली तरी काम भागेल. मात्र शाडू वाळतांना किंचित् आटते, हें मोजणारानें ध्यानांत धरावें.